बरा असताना द्यायचं औषध

माझ्या धाकट्या मुलाला दमा आहे हे ज्यांच्याकडे कळलं, त्या नवीन डॉक्टरांनी पहिल्या भेटीत स्टेथोस्कोप हातात घ्यायच्या आधीच एक काम लावलं, आतापर्यंतचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावा म्हणाले. माझ्याकडे एका कॅरीबॅगेत सगळं कोंबलेलं, केस पेपर, मेडिकलची बिलं, एक्सरेची पाकिटं, कुठल्यातरी लॅबचे रिपोर्ट. मी आणि नवरा बाहेरच्या बाकड्यावर ते लावत बसलो, धाकटा तेवढ्यात वजनकाट्यावर चढउतर करत होता. लावून झालं आणि डॉक्टरांनी काही बोलायच्या आधीच आम्हाला दिसलं. पावसाळा सुरू झाला की एक आजारपण, गणपतीच्या आसपास एक, दिवाळी झाली की लागोपाठ. आणि कागदावर दरवेळी तेच, सर्दी झाली, छातीत उतरली, अँटिबायोटिक पाच दिवस, मशीनची (नेब्युलायझरची) वाफ दोन-तीन दिवस, खोकल्याचं पातळ औषध. सगळ्या डॉक्टरांनी त्या त्या वेळी त्याला बरं केलेलं होतं हेही खरंच. फक्त दरवेळी ते नवीन दुखणं म्हणून बघितलं जायचं, पावसात भिजला म्हणून, गाड्यावरचा बर्फाचा गोळा खाल्ला म्हणून, केळं खाऊन पाणी प्यायला म्हणून.

तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. आम्ही कोल्हापुरात राहतो, माझं माहेर शिरोळ तालुक्यात, म्हणजे चहूबाजूंनी ऊस, ते पुढे येईलच.

डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न मला अजून आठवतात कारण आधी कुणी एवढं खोलात विचारलं नव्हतं. रात्री झोपेत खोकतो का, पहाटे जास्त का? पळल्यावर किंवा खूप हसल्यावर खोकला येतो का? सर्दी दुसऱ्या पोरांची चार दिवसात जाते, याचा खोकला दोन-तीन आठवडे चालतो का? मशीन लावल्यावर लगेच मोकळा होतो का? अंगाला खाज, कोपराच्या खळगीत, गुडघ्यामागे कोरडे चट्टे? घरात कुणाला दमा, सकाळी उठल्या उठल्या शिंका? सगळ्याला हो. चट्टे होतेच, आणि नवरा सकाळी एकदा शिंकायला लागला की शेजारच्यांना घड्याळ बघायला लागत नाही.

टेस्ट काही सांगितली नाही याचं आश्चर्य वाटलं. फुंकायची टेस्ट असते पण ती नीट करायला मूल पाच-सहा वर्षांचं तरी लागतं, त्याआधी लक्षणं आणि घरातला इतिहास यावरूनच ठरवावं लागतं. म्हणून ते म्हणाले की दोन-तीन महिने रोजचं औषध देऊन बघू, त्रास कमी झाला आणि औषध थांबवल्यावर परत आला तर तोच दम्याचा पुरावा. एक्सरे परत काढायला त्यांनी नकार दिला, त्यात दमा दिसत नाही म्हणून.

मग समजावून सांगितलं, आणि कोल्हापूरच्या माणसाला कळेल असंच सांगितलं. म्हणाले, २०१९ चा पूर आठवतोय ना, पाणी ओसरलं आणि रस्ते चालू झाले तरी घराच्या भिंतीतली ओल किती महिने राहिली? याच्या श्वासनळ्यांचं तेच आहे. अटॅक गेला म्हणजे पाणी ओसरलं, आतली सूज तशीच असते, त्यामुळे पुढची साधी सर्दी, थोडा धूर, थंड वारा एवढ्यानंसुद्धा नळ्या आवळतात. वाफेचं औषध म्हणजे साल्ब्युटामॉल, ते आवळलेली नळी सैल करतं, चार-सहा तासांपुरतं. सूज कमी करायचं औषध वेगळं, ते रोज द्यायचं, मूल ठणठणीत खेळत असतानासुद्धा. या शेवटच्या वाक्यावर आमचं पुढचं सगळं महाभारत झालं.

औषध म्हणजे ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप, १०० मायक्रोग्रॅमचा एक पफ सकाळी एक रात्री, स्पेसरमधून. स्पेसर म्हणजे ती प्लास्टिकची नळकांडी, एका बाजूला पंप बसतो आणि दुसऱ्या बाजूला मास्क. सिस्टरनी आधी करून दाखवलं आणि मग माझ्याकडून, नवऱ्याकडून दोघांकडून करून घेतलं. पंप हलवायचा, मास्क नाकातोंडावर घट्ट बसवायचा, कुठूनही फट नको, एकच पफ दाबायचा आणि पाच-सहा श्वास शांतपणे घेऊ द्यायचे. दुसरा पफ लागला तर अर्धा-एक मिनिट थांबून, परत हलवून. दोन पफ एकदम दाबून वेळ वाचवायचा नाही. रडत असेल तर घाई नको कारण रडणाऱ्या पोराच्या छातीत औषध फार कमी पोचतं, ते सगळं तोंडातच राहतं. झाल्यावर चूळ, तोंड पुसायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरू शकते आणि मास्कच्या कडेनं गालाला त्रास होतो. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यातून काढायचा आणि तसाच निथळत ठेवायचा, फडक्यानं पुसायचा नाही, पुसलं की प्लास्टिकला स्टॅटिक येतं आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं. ही शेवटची गोष्ट घरात कुणाला पटत नाही, आमच्याकडे भांडं पुसल्याशिवाय मांडणीत जात नाही त्यामुळे मी स्पेसर बेडरूमच्या खिडकीत वाळवते.

पहिले काही दिवस त्यानं मास्क बघितला की पलंगाखाली. मग मोठीनं डोकं चालवलं, आधी तिच्या बाहुलीला पंप, मग बाबाला, मग त्याला, आणि श्वास मोजायचं काम तिच्याकडे. ती मुद्दाम चुकीचं मोजायची, एक दोन पाच, आणि हा मास्कच्या आतून मान हलवून नाही नाही करायचा, तेवढ्यात होऊन जायचं. पंप ठेवायची जागा म्हणजे दात घासायच्या ब्रशशेजारी, म्हणजे पंप मग ब्रश, चूळ आपोआप होते आणि विसरायचा प्रश्न येत नाही. तातडीचा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉलचा, वेगळा, त्याला लाल टेप लावलीय, कारण रात्री अर्धवट झोपेत दोन पंपांत गोंधळ व्हायला वेळ लागत नाही.

आता महाभारत. सासूबाईंचं, म्हणजे आत्याबाईंचं म्हणणं, "धडधाकट लेकराला रोज फवारं कशाला मारालीस? पंप लागला की सुटत नाही म्हणत्यात." त्यांच्या भावाला शेवटच्या काळात पंप होता आणि तो पंपासकटच गेला, म्हणून त्यांच्या मनात पंप म्हणजे शेवट. त्यांच्यावर रागवून उपयोग नव्हता. सासऱ्यांना, म्हणजे मामांना, स्टेरॉइड शब्दाची भीती, उंची खुंटते म्हणून. माझ्या मोठ्या काकांचं वेगळंच, मृगाला हैदराबादला न्या, नामपल्लीच्या मैदानावर दम्यासाठी तो जिवंत मासा गिळायला देतात, गावातली अमकी तमकी जाऊन आली. आपल्याकडून दरवर्षी माणसं जातात खरी, रेल्वेनं जातात, रांगेत उभी राहतात. पण दम लागणाऱ्या साडेतीन वर्षाच्या पोराच्या घशात जिवंत मासा सोडायचा ही कल्पनाच मला झेपली नाही आणि त्यानं दमा बरा होतो याला काही आधारही नाही, तेव्हा तो विषय मी तिथेच बंद केला.

मामांना मात्र मी पुढच्या भेटीला सोबत नेलं. हे मी सगळ्यांना सांगते, घरात ज्याचा विरोध जास्त त्याला डॉक्टरकडे घेऊन जा, आपण घरी येऊन समजावण्यात अर्धा अर्थ गळतो. डॉक्टरांनी त्यांना जुने कागदच दाखवले. अटॅकच्या वेळी जे तोंडाने स्टेरॉइड देतात ते किलोमागे एक-दोन मिलिग्रॅम, म्हणजे चौदा किलोच्या याला दिवसाला १४ ते २८ मिलिग्रॅम, तीन ते पाच दिवस, आणि ते सगळ्या अंगात फिरतं. पंपातून दिवसाला २०० मायक्रोग्रॅम, हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम. दोन्ही औषधांची ताकद वेगळी आहे तेव्हा सरळ भागाकार करू नका असंही म्हणाले, पण पंपातलं थेट जिथे पाहिजे तिथे जातं. उंचीचं खोटं सांगितलं नाही. साधारण एक सेंटीमीटरचा फरक पडू शकतो, तो मुख्यतः पहिल्या वर्षात, म्हणून दर भेटीला उंची मोजून तक्त्यावर लावतात. आणि सतत धाप लागणारं, रात्री न झोपणारं पोर तसंही नीट वाढत नाही. मामा रिटायर्ड क्लार्क, आकडे दिसले की शांत होतात. घरी येऊन त्यांनीच आत्याबाईंना सांगितलं, मला काही बोलावं लागलं नाही.

घरचे उपाय सगळेच काही बंद केले नाहीत. मध चालतो (वर्षाच्या आतल्या बाळाला नाही), तुळस-आल्याचं कोमट पाणी प्यायला काय हरकत. पण टोपात उकळतं पाणी घेऊन वाफारा बंद, त्यानं दमा हटत नाही आणि पोर भाजायची भीती. ओव्याची-वेखंडाची धुरी तर पूर्ण बंद, माझ्या मोठीला आंघोळीनंतर रोज दिली होती आणि तिला काही झालं नाही, पण याच्या नळ्यांना धूर म्हणजे धूर, तो ओव्याचा असला तरी. दही, केळं, भात यावरची बंदी डॉक्टरांनी उठवली, ज्या पदार्थानं खरंच त्रास होताना दिसतो तेवढाच टाळा म्हणाले. पोरगा आनंदानं वेडा झाला, त्याला दहीभात प्राणप्रिय आहे.

घरातल्या वस्तूंचं सांगायचं तर सगळं घर उलथंपालथं करायची गरज नसते, आम्ही सुरुवातीला पडदे काढण्यापर्यंत गेलो होतो. नंतर पाच वर्षांचा झाल्यावर ॲलर्जीची टेस्ट केली, हातावर थेंब टाकून हलकेच टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी गांध उठलीय का बघतात, त्याआधी आठवडाभर सेट्रिझिनसारखी ॲलर्जीची औषधं बंद ठेवायला लागतात. त्याची सगळ्यात मोठी गांध घरातल्या धुळीतल्या माइट्सची. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, गाद्या-उशा-गोधड्यांत राहतात आणि दमट हवेत वाढतात, आणि कोल्हापूरचा पावसाळा म्हणजे त्यांचा सुगीचा काळ. मग नेमकं काम करता आलं. आजीच्या लुगड्यांची गोधडी कपाटात, त्याच्याऐवजी धुता येणारी चादर, आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात, साठ डिग्रीच्या आसपास. उशीला चेनचं कव्हर. झाडू मारताना तो खोलीत नको, त्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसणं बरं. पावसात कपडे बेडरूममध्ये दोऱ्या बांधून वाळवायचे बंद केले, त्यासाठी जिन्यातल्या जागेवरून वरच्या मजल्यावरच्या काकूंशी थोडी बोलाचाली झाली पण आता त्यांचेही कपडे तिथेच असतात. भिंतीची ओल मात्र अजून आहे, घरमालक दरवर्षी रंग देतो, गळती काढत नाही.

डासांसाठी कॉइल बंद, मच्छरदाणी. देवघरातल्या उदबत्तीवर तोडगा असा निघाला की घरात फक्त तेलाची निरंजन, उदबत्ती आणि धूप बाहेर तुळशीपाशी. गणपतीत पाहुणे येतात, कापूर-धूप जोरात असतो, तेव्हा आरतीला तो गॅलरीत उभा राहून टाळ वाजवतो. रस्त्याकडेचं गाजरगवत ही आणखी एक कटकट. अमेरिकेतून आलेल्या गव्हातून हे तण इकडे आलं असं सांगतात, पुण्यात १९५५ च्या सुमारास दिसलं आणि आता देशभर झालंय, त्याच्या परागांनी शिंका, खाज, दमा सगळं होतं. ते फुलायच्या आधी उपटायचं असतं, आमच्या कॉलनीत ते फुलून पांढरं झाल्यावरच सगळ्यांना दिसतं.

आणि ऊस. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की माहेरी संध्याकाळी कुठे ना कुठे फड पेटवलेला असतो किंवा तोड झाल्यावर पाचट. अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख येऊन पडते. लहानपणी आम्ही ती राख झेलत पळायचो, आता तीच बघून पोटात गोळा येतो. माझ्या भावाला मी काय सांगणार, पाचट न जाळता सरीत कुजवली तर जमिनीला चांगली हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहितीय, आता तो तसं करतोही, पण शेजारच्या रानात तोडणीची टोळी आली की पेटवल्याशिवाय आत शिरत नाही.

सगळ्यात मोठा अटॅक तिथेच आला. हे होण्याआधी डॉक्टरांनी आम्हाला एक लेखी कागद दिला होता, हिरवा-पिवळा-लाल असे तीन भाग, कुठल्या अवस्थेत काय करायचं. तो मोबाइलमध्येपण होता. संध्याकाळी धूर, त्यात आदल्या दिवसापासून नाक वाहत होतं, रात्री अकरा-साडेअकराला खोकून उठला. शर्ट वर करून बघितलं तर बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता आणि पोट उडत होतं. शांत बसलेला असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, त्या वयात चाळीसच्या वर म्हणजे जास्त, त्याचे पन्नासच्या वर. कागदाप्रमाणे तातडीच्या पंपाचे २ पफ एकेक करून स्पेसरमधून, वीस मिनिटांनी परत, आणि तासाभरात तीनदा देऊनही फरक नाही तर निघायचं. त्याच कागदावर हेही होतं की पाणी पिता येत नसेल, एका दमात दोन शब्द बोलता येत नसतील, ओठ निळसर दिसले किंवा पोर झोपाळू-मलूल झालं तर वीस मिनिटं थांबायचंच नाही, सरळ निघायचं आणि वाटेतही पंप देत राहायचं. आणि घरघर अचानक थांबली पण दम तसाच असेल तर ते बरं झाल्याचं लक्षण नाही, हवाच आत जात नसते. तुमच्या मुलाचा कागद वेगळा असेल, डोस वेगळे असतील, आमचे आकडे उचलू नका, पण कागद मागून घ्या.

दुसऱ्यांदा पफ दिल्यावर तो पाणी प्यायला, पण "आई घरी" एवढंच बोलला आणि थांबला. भावानं गाडी काढली. आई दारात मीठ-मोहऱ्या उतरवत होती, उतरवू दिलं, तेवढ्यात मी स्पेसर पिशवीत टाकला. बोटाचं ऑक्सिमीटर ९१-९२ दाखवत होतं, छोट्या थंड बोटांवर ते चुकतंही म्हणून मी त्याच्यावर विसंबले नाही. हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन, मशीनमधून दोन औषधं एकत्र, तोंडाने स्टेरॉइड. पहाटे बेडवर बसून बिस्किट मागायला लागला. तिथल्या ड्यूटी डॉक्टरला मी मोबाइलमधला कागद दाखवला, कितीला काय दिलं ते वेळेसकट लिहिलं होतं, त्यांचा सगळा प्रश्नोत्तराचा वेळ वाचला. अँटिबायोटिक लागलं नाही.

एका गोळीबद्दल लिहायलाच पाहिजे कारण ती सर्रास लिहिली जाते. माँटेलुकास्ट, दमा-ॲलर्जीवरची, चघळायची, चेरीच्या चवीची, पोरांना आवडते. आधी एका ठिकाणी दिलेली होती आणि त्या काळात हा रात्री किंचाळून उठायचा, दिवसा नुसती चिडचिड, मोठीला चावायचा. गोळीनंच होत होतं असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही, या वयात पोरं तशीही चिडतात. पण अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेनं, २०२० मध्ये या औषधावर झोप, मूड, वागणुकीच्या त्रासाबद्दल ठळक चौकटीतला इशारा टाकलाय, हे मला नवीन डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्यांनी ती बंद केल्यावर ते किंचाळणं थांबलं. बऱ्याच मुलांना ती चालते. फक्त सुरू केली असेल तर झोपेकडे आणि वागण्याकडे लक्ष ठेवा आणि काही वाटलं तर डॉक्टरांशी बोला.

शाळेत सुरुवातीला बाईंनी त्याला पीटीच्या तासाला सावलीत बसवून ठेवलं, काळजीनंच, पण तो घरी येऊन रडला. दम्याच्या मुलानं खेळायचं नाही असं काही नाही, उलट खेळलं पाहिजे. डॉक्टरांकडून चिठ्ठी नेली, पळायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं तातडीचा पंप, ऑफिसात एक पंप आणि स्पेसर नावासकट, कपाटात कुलूप लावून नाही. मावशींनाही दाखवून ठेवलं कारण प्रत्यक्ष वेळेला हाताशी त्याच असतात. पंपावर काउंटर नसेल तर पफ मोजून लिहा, साल्ब्युटामॉलच्या पंपात साधारण २०० असतात, पाण्यात तरंगवून किती उरलं ते बघायची युक्ती लोक सांगतात पण ती भरवशाची नाही, आतला वायू औषध संपल्यावरही सुटत राहतो.

फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर घेतो, लहान मुलांना पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतरानं दोन डोस असतात.

सहा पूर्ण झाल्यावर फुंकायची टेस्ट झाली. स्क्रीनवर वाढदिवसाच्या मेणबत्त्या, जोरात आणि लांब फुंकलं की विझतात. आधी एकदा, मग तातडीच्या पंपाचे पफ देऊन पंधरा मिनिटं थांबून परत. पफनंतर आकडा बारा टक्क्यांपेक्षा जास्त वाढला तर नळ्या आवळलेल्या होत्या असं धरतात, त्याचा फारसा वाढला नाही, म्हणजे रोजच्या औषधावर त्या मोकळ्याच होत्या. मामांनी रिपोर्टची झेरॉक्स काढून त्यांच्या फायलीत लावली. सलग तीन महिने रात्रीचा खोकला नाही, तातडीचा पंप जवळजवळ लागलेला नाही, तेव्हा मी विचारलं आता कमी करायचं का? डॉक्टरांनी कॅलेंडर बघितलं, ऑक्टोबर होता. आत्ता नाही म्हणाले, पुढे दिवाळीचे फटाके, मग थंडी, मग तुमचा ऊस. मार्चपर्यंत असंच चालू ठेवू, उन्हाळ्यात निम्मा डोस करून बघू, आणि जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी परत दाखवा.